लाडोची हजेरी

आमच्या दिल्लीतल्या मराठी वर्तुळात माझी ओळख करून देताना लोक जरा अडखळतात. "या देसाई. या... प्राण्यांचं काहीतरी बघायच्या." समोरची बाई हमखास विचारते, "म्हणजे डॉक्टर?" नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. "मग एनजीओ?" तेही धड खरं नाही. मी एका राष्ट्रीय प्राणिकल्याण संस्थेत निरीक्षक होते. जनावरांची फौजदार म्हणा हवं तर. फक्त कमरेला पट्टा नाही, हातात दंडुका नाही आणि आरोपीचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. आमच्या मयूर विहार वसाहतीत शेवटी "कुत्रेवाल्या देसाई" हेच नाव रूढ झालं. वास्तविक सबंध नोकरीत मला कुत्रा एकदाही चावला नाही. चावले ते एक माकड, एक पोपट आणि त्या पोपटाची मालकीण.

पोपटाचं आधी सांगून टाकते. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे दिल्लीत कुणाच्या गावीही नसतं. आम्ही पिंजरा उचलला तशी त्या आजीबाई "ये मेरा बेटा है" म्हणत धावल्या आणि माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. गाडीत पोपटाची समजूत काढायला गेले तर त्यानंही आईचा कित्ता गिरवला. इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "किसने काटा?" मी म्हटलं, "बोटाला मुलानं, मनगटाला आईनं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दोन इंजेक्शनं भरली.

संस्था आमची जुनी, इंग्रजांच्या काळातली. तेव्हाच्या साहेबांना आणि मडमांना टांग्याच्या घोड्यांची आणि ओझ्याच्या बैलांची दया आली. (माणसांची तितकीशी आली नाही, पण तो विषय वेगळा.) त्यांनी रस्त्याकडेला घोड्यांसाठी दगडी हौद बांधले, खाकीतले निरीक्षक नेमले आणि चाबूक उगारणाऱ्यांना पकडायला सुरुवात केली. साहेब गेले, हौद बुजले, संस्था मात्र राहिली. एकोणीसशे साठ साली आपल्या देशाचा स्वतःचा कायदा झाला आणि तिला नवी उमेद आली. पुढे टांगेही गेले. त्यांच्या जागी मोटारीखाली आलेली कुत्री, मांज्यात पंख चिरलेल्या घारी आणि हौसेनं आणून कंटाळा आल्यावर सोडून दिलेली परदेशी मांजरं आली. मी नोकरीला लागले तेव्हा कार्यालयात त्या मिशीवाल्या इंग्रज साहेबांच्या तसबिरी होत्या आणि त्यांच्याखालच्या फडताळावर मांजरं झोपलेली असत. जाहिरातीतला "राष्ट्रीय" हा शब्द वाचून माझ्या वडिलांनी ती सरकारी नोकरी समजून पहाडगंजला आमच्या जुन्या मराठी शाळेतल्या मास्तरांपर्यंत पेढे वाटले होते. खरं कळल्यावर ते म्हणाले, "असो, पेढे खाऊन झालेत."

आता कामाबद्दल. तक्रार येते, आपण जातो, बघतो, समजावतो. नव्वद टक्के काम समजावण्याचंच. बाल्कनीत कबुतरानं अंडी घातली आणि घरात लग्न आहे, तर "अंडी जरा शिफ्ट करता येतील का" म्हणून फोन येतो. तिथे कायदा नाही, जिभेवर साखर लागते, आणि ती माझ्याकडे जन्मतःच कमी. खटला क्वचित भरायचा. कारण कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. साठ साली त्याला काही अर्थ असेल. आज तेवढ्यात पार्किंगही होत नाही. म्हणून आमच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे जनावर ताब्यात घेणं. एकदा ताब्यात घेतलं की ते खटल्यातला मुद्देमाल होतं. चोरीची सायकल कशी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते, तसंच. फरक इतकाच की सायकल खात नाही. तारखा पडत राहतात आणि मुद्देमाल आमच्या जनावरांच्या आश्रयस्थानात बसून हरभरा खात राहतो. मधे आरोपी अर्ज करतो की माझं जनावर मला परत द्या. न्यायाधीश संस्थेचं म्हणणं विचारतात. माझं म्हणणं कायम ठरलेलं असे: विरोध. ज्यानं छळलं त्याच्याच दावणीला परत कशाला बांधायचं? मला यात विचार करण्यासारखं काही वाटत नसे.

लाडो अशीच मुद्देमाल म्हणून आली.

फरीदाबादला हिवाळ्यातल्या लग्नांचा हंगाम होता. वऱ्हाडातल्याच एका मुलीनं फोन केला की घोडीच्या तोंडातून रक्त येतंय. पोलीस शिपायाला बरोबर घेऊन आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि वरात रंगात आली होती. पांढरी घोडी, जरीची झूल, वर सेहरा बांधलेला नवरदेव, पुढे बँड आणि नाचणारे काके-मामे. घोडीच्या ओठांवर गुलाबी फेस होता. मी आडवी उभी राहिले. फरीदाबादमध्ये चालती वरात अडवणं म्हणजे काय, हे ज्यानं अडवली त्यालाच ठाऊक. "मैडम, मुहूर्त निकल रहा है!" "अरे, ये कौन हैं? लड़कीवालों की तरफ़ से हैं क्या?" एका मामांनी तर मला नाचायलाच ओढलं. शेवटी नवरदेव मोटारीतून गेला. खरं सांगायचं तर उतरताना त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला, कारण घोडीपेक्षा तोच जास्त थरथरत होता.

घोडीच्या तोंडातून लगाम काढला. जिभेवर बसणाऱ्या लोखंडी कांबीला खिळ्यांसारखे काटे होते. अशा लगामाला बंदी आहे, पण वरातीच्या धंद्यात तो सर्रास चालतो. लगाम जरा ओढला की काटे रुततात, घोडी मान उंच धरते, पाय नाचवते आणि बघणाऱ्यांना वाटतं, वा, काय ऐटबाज जनावर आहे! मालक लच्छीराम, साठीचा, डोक्याला लाल साफा. मी त्याला फैलावर घेतलं तर घोडी बुजायची भीती सांगत एवढंच म्हणाला, "बैंड बजता है, पटाखे फूटते हैं, मैडम जी. बिदक जाए तो आदमी मर जाए. फिर लोग इसे भी मार देंगे, मुझे भी." मी म्हटलं, "ये कोर्ट में बताना, ताऊ." तो पुढे वाद घालत बसला नाही. झूल, घुंगरं, कलगी एकेक उतरवली आणि आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाला, "लाडो नाम है इसका. पानी गुनगुना देना जी, ठंडे से इसका पेट दुखता है." कोमट पाणी म्हणे! मला वाटलं, नाटक आहे.

मग हे नाटक दर रविवारी सुरू झालं. आश्रयस्थानाच्या फाटकाबाहेर लच्छीराम येऊन उभा राही. आरोपीनं मुद्देमालाजवळ यायचं नाही हा आमचा दंडक, त्यामुळे चौकीदार त्याला आत घेत नसे. तो तसा आग्रहही धरत नसे. नुसती जीभ टाळ्याला लावून टक् टक् आवाज करी, आणि आतून लाडो असं खिंकाळे की सगळी कुत्री भुंकायला लागत. माझा रविवारच्या पाळीचा चहा तेव्हाच असे. मी चौकीदारावर डाफरे, घोडीवर डाफरे, फाटकाशी जाऊन लच्छीरामवरही डाफरे. चौकीदार म्हणाला, "मैडम, इसका और कोई नहीं है. घरवाली गुज़र गई, बेटी ससुराल में है. ये घोड़ी ही है बस." मी म्हटलं, "हे लगाम घालताना सुचायला हवं होतं." लाडोच्या तोंडातल्या जखमा भरत आल्या होत्या. तिला परत मिळवण्यासाठी त्यानं केलेल्या अर्जाची तारीख संक्रांतीनंतर होती, आणि माझं म्हणणं नेहमीप्रमाणे टाइप होऊन तयार होतं.

संक्रांत त्या वर्षी रविवारीच आली. आमच्या मयूर विहारच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष नीलाताई. समोरच्या विंगमध्ये राहतात, तोंडानं तिखट पण मनानं लोणी. त्यांच्या डोक्यात आलं की या खेपेला हळदीकुंकू हॉलमध्ये न करता आश्रयस्थानात करायचं. "अगं, थोडं सोशल वर्कही होईल. दर वर्षी त्याच त्या प्लास्टिकच्या डब्या लुटून कंटाळा आलाय यार." मीच त्यांना या म्हटलं. "जनावरांना काहीही खायला घालू नये" अशी पाटी हिंदीत आणि इंग्रजीत जागोजागी लावलेली होती. पण पाटी मराठीत नव्हती, असं नंतर नीलाताईंचं म्हणणं पडलं.

काळ्या साड्या नेसून बायका मेट्रोनं, मग रिक्षांनी आल्या. कुत्र्यांना बघून थोड्या घाबरल्या, मांजरांना बघून "ऑ" केलं आणि लाडोपाशी येऊन थांबल्या. पांढरीशुभ्र, शांत, लांब पापण्यांची ती घोडी बघून त्यांना पान्हाच फुटला म्हणायचा. मी आत फोनवर एका पतंगबाजाशी भांडत होते. इकडे लाडोला हळदीकुंकू लागलं. नीलाताईंनी नव्या सुनेसाठी केलेला हलव्याचा हार तिच्या गळ्यात घातला. "तिळगूळ घे, गोड बोल" म्हणत एकेकीनं लाडू भरवले आणि लाडू संपले तेव्हा गुळपोळ्या, वरून साजूक तूप. मी बाहेर आले तेव्हा डबे रिकामे होते, हाराचा फक्त दोरा उरला होता आणि नीलाताई कौतुकानं सांगत होत्या, "किती प्रेमानं खाल्लं गं तिनं! हावरटपणा बिल्कुल नाही हं."

इथे बाहेरच्यांसाठी एक सांगते. घोड्याला ओकता येत नाही. त्याच्या पोटात एकदा गेलं ते मागच्या वाटेनंच बाहेर पडायला हवं. वाट तुंबली की पोटशूळ उठतो, वेदनेनं घोडं लोळायला लागतं, आणि लोळताना आतड्याला पीळ पडला की मग कुणाचं काही चालत नाही. आमच्या आश्रयस्थानात छळानं मेलेली जनावरं मी पाहिली तितकीच लाडानं मेलेलीही पाहिली. वाढदिवसाचा केक खाल्लेली कुत्री, श्राद्धाच्या दिवशी कणकेचे गोळे खाऊन फुगलेल्या गाई. त्यांच्या मृत्यूचा खटला भरता येत नाही, कारण आरोपी हात जोडून उभा असतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी असतं.

दुपारी लाडोला घाम फुटला. ती सारखी वळून आपल्या कुशीकडे बघू लागली, पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. आमच्या डॉक्टर बत्रा शांत बाई, त्यांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि म्हणाल्या, "अब इसे चलाते रहो. लेटने मत देना." मी दोर धरला, लाडोनं पाय रोवले. चौकीदारानं मागून ढकललं, ती तसूभर हलली नाही आणि बघता बघता खाली बसली. नीलाताईंचा चेहरा त्यांच्या साडीच्या काठासारखा पांढरा पडला होता. "माझ्या हातून हे काय झालं गं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. डॉक्टर बत्रांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे. रविवार होता. फाटकाबाहेर लाल साफा दिसत होता.

फाटकापर्यंत जाताना माझ्या मनात काय नव्हतं! आरोपीच्या हातात मुद्देमाल द्यायचा, आणि तो त्याच्याच हातात मेला तर? वरचे साहेब मला फाडून खातील. पण मागे लाडो कण्हत होती. मी कडी काढली. "ताऊ, अंदर आओ. लाडो की तबीयत ठीक नहीं." तो धावलाच. त्यानं "काय केलंत" म्हणून विचारलंही नाही. तिच्या कानाशी बसला, टक् टक् केलं, मानेखाली हात घातला, आणि जी घोडी आम्हा दोघांच्या जोरानं हलली नव्हती ती धडपडत उभी राहिली. चार पावलं चालली आणि थांबली. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबली.

"इसे आगे भीड़ चाहिए, मैडम जी," लच्छीराम म्हणाला. "सारी उमर बारात के पीछे चली है. आगे कोई नाचे नहीं तो समझती है, रुकना है."

मी बायकांकडे पाहिलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मग नीलाताईंनी पदर खोचला, नाक पुसलं आणि टाळ्या वाजवत लाडोच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चलो गं! बघत काय बसलात?" आणि निघाली वरात. जगातली काळ्या साड्यांची ती पहिलीच वरात असावी. ठेक्याला बायका मंगळागौरीची गाणी म्हणत होत्या, कुणी फुगडीची चाल, कुणी पंजाबी लग्नात शिकलेले हात वर करून नाच. मागे लच्छीराम आणि मान खाली घातलेली लाडो. नीलाताई रडत होत्या आणि नाचत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलंय. आवाराच्या किती फेऱ्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत. धुकं उतरायला लागलं, बायकांचे घसे बसले, पण कुणी घरी जायचं नाव काढेना. डॉक्टर बत्रा आणि मी घोडीच्या शेपटीकडे डोळे लावून मागून चालत होतो. शिकलेल्या बायकांनी आयुष्यात कशाची वाट पाहावी!

आणि दिवेलागणीला लाडोनं शेपटी उचलली आणि लीद टाकली. भरपूर. असा जल्लोष मी विश्वचषकाच्या वेळीही ऐकला नव्हता. डॉक्टर बत्रांनी मला मिठी मारली. मंडळाच्या खजिनदारबाई, ज्यांना चपलेला चिखल लागलेला चालत नाही, त्यांनी वाकून लीद पाहिली आणि "छान आहे" म्हणाल्या.

लच्छीराम मात्र लाडोच्या मानेवर कपाळ टेकून मोठ्यांदा रडत होता. नीलाताई पुढे झाल्या. "भैया, मैंने खिलाया. मुझे मालूम नहीं था." त्यानं हात जोडले. मग अंगठ्यानं लाडोचा ओठ वर केला आणि आतले पांढरे वण मला दाखवले. "ये मेरा किया हुआ है, मैडम जी. आपने ठीक पकड़ा था." इतक्या वर्षांत कुठल्याही आरोपीनं हे वाक्य माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी डाफरते, म्हणून मी चौकीदाराला गरम पाण्यावरून झापलं.

तारखेला मी कोर्टात उभी राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, "संस्था का क्या कहना है?" टाइप केलेला कागद हातात होता, तो मी दुमडला. म्हटलं, हरकत नाही, पण अटींवर. काटेरी लगाम कधीही नाही. फटाक्यांच्या वरातीत न्यायची नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घोडी निरीक्षकाला, म्हणजे मला, आणून दाखवायची. आमच्या वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. न्यायाधीशांनी वर्षभराच्या हजेरीवर लाडो लच्छीरामच्या ताब्यात दिली.

तो पहिल्या रविवारी आला तेव्हा बरोबर त्याच्या गल्लीतला आणखी एक घोडीवाला होता, खिशात काटेरी लगाम लपवून. "बदल के सादी दे देंगे क्या?" आम्ही दिला. मग दुसरा आला. पुढे आम्ही तशी योजनाच केली: काटेरी द्या, साधा घ्या. माझी नोकरी संपली तेव्हा कार्यालयात मिशीवाल्या साहेबांच्या तसबिरीखाली काटेरी लगामांची टोपलीभर रास होती आणि मांजरांना दुसरी जागा शोधावी लागली होती. म्हणजे सगळं आलबेल झालं असं नाही. दंड अजून पन्नास रुपयेच आहे आणि दिल्लीच्या वराती अजून फटाक्यांशिवाय निघत नाहीत. एक रुखरुखही आहे. लाडोच्या आधी मी इतक्या अर्जांना विरोध केला, त्यातले बरेच योग्यच होते, पण फाटकाबाहेर कोण उभं आहे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात घरात करमेना. मुलीनं, जी दिल्लीत वाढल्यामुळे घोड्याचा "खरारा" म्हणजे काय विचारते, मला योगाच्या क्लासला घालायचा घाट घातला होता. अशा एका रविवारी सकाळी गेटवरून इंटरकॉम वाजला. सोसायटीचा गार्ड फार गोंधळलेला होता. "मैडम, नीचे एक घोड़ी आई है. बोलते हैं, आपसे मिलना है."

खाली उतरले. गेटबाहेर टेम्पो, त्यातून उतरवलेली लाडो आणि दोर धरून लच्छीराम, आता पाठीत वाकलेला. कोर्टानं सांगितलेलं वर्ष संपून कितीतरी वर्षं झाली होती. तो मात्र कधी महिना चुकला नव्हता, आणि मीही कधी "आता पुरे" म्हटलं नव्हतं.

"अरे ताऊ, इतनी दूर?"

"वहाँ गया था, मैडम जी. नए साहब बोले, मैडम रिटायर हो गईं, अब हाज़िरी की ज़रूरत नहीं." तो जरा रागावलेलाच होता. "मैंने कहा, जज साहब ने आपको दिखाने को बोला था. किसी और को थोड़ी."

मी पुढे होऊन सवयीनं लाडोच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला. मऊ, गुळगुळीत. आत कुठेही नवी जखम नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तसेच वाहू दिले.

"लग गई हाज़िरी," मी म्हटलं.

तेवढ्यात समोरच्या विंगमधून नीलाताई गुडघे सांभाळत, हातात डबा घेऊन लगबगीनं येताना दिसल्या. दहा पावलांवर थबकल्या. माझ्याकडे पाहिलं, लच्छीरामकडे पाहिलं, डबा गार्डच्या हातात कोंबला आणि रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या. लाडोनं कान टवकारले, मान डोलावली आणि त्यांच्या मागोमाग आमच्या सोसायटीच्या गेटातून आत चालू लागली.